पान्याच्या जोडीला टेस्टर घ्यावा का?

“काका, नमस्कार. मी 17 वर्षं प्लंबिंग करतोय. पहिली 5 मिस्त्रीच्या हाताखाली, मग स्वतःचं. हाताखाली एक पोरगा आहे. काम बरं चाललंय, पण गिऱ्हाईक आता एकाच माणसाकडून सगळं मागतं. गिझर बसवला की म्हणतात, पॉइंटही तुम्हीच ओढा. ओट्याचे नळ केले की म्हणतात, गॅसची लाईन तेवढी सरकवून द्या. मी नाही म्हटलं की दुसरा येतो आणि माझं नळाचं कामही घेऊन जातो. म्हणून वीज आणि गॅस, दोन्हीची सर्टिफिकेटं काढावीत असं डोक्यात आहे. घरची म्हणते, एक काम धड करा. ओळखीचा एक कॉन्ट्रॅक्टर आहे, त्याच्याकडे दोन्ही परवाने आहेत. तो म्हणतो, परीक्षेत वर्षं कशाला घालवतोस, काम तू कर, सही माझी, मला थोडा हिस्सा दे. माझी शाळा लवकर सुटली, गणिताची भीती वाटते. पण पाइपात माझा हात धरणारा कोणी नाही, तेव्हा गॅस तर जमेलच ना? आधी कुठलं करू? आणि पुढच्या आठवड्यात एका जुन्या गिऱ्हाइकाच्या बाथरूममध्ये गॅस गिझर लावायचाय. तो करून टाकू का? — पानेवाला”

पानेवाले भाऊ,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. बाकीच्यांना वर्षभर वेळ आहे, त्याला आठवडाच. तो गिझर लावू नका. गॅसच्या जोडाला हात लावू नका, आणि ‘फक्त एवढा नट फिरवतो’ हेही नको. गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते शेवटी लिहितो.

आता मोठा प्रश्न. शिकावं का? शिकावं. घरच्यांचं ‘एक काम धड करा’ हे बोलणं मला पटतं, फक्त ते एक काम म्हणजे नळकामच, असं मी धरत नाही. गरम पाणी हेसुद्धा एक काम आहे. त्याला पाणी लागतं, वीज नाहीतर गॅस लागतो, गॅस असेल तर धूर बाहेर जायला वाट लागते. यातलं एक बिघडलं की तीन माणसं येऊन एकमेकांकडे बोट दाखवतात. वायरमन म्हणतो पाण्याला दाब नाही, प्लंबर म्हणतो कॉइल गेली, गॅसवाला म्हणतो माझं सगळं ठीक आहे, आणि घरातली माणसं गार पाण्याखाली. या तिन्हीत ज्याला कळतं असा कारागीर शोधून सापडत नाही. तेव्हा तुम्ही अख्ख्या घराचं वायरिंग करायला निघाला असाल तर मी म्हणेन, घरच्यांचं ऐका. गिझर, पंप आणि त्यांच्यापुरती वीज, त्यांच्यापुरता गॅस एवढंच शिकायला निघाला असाल तर मी तुमच्या बाजूने.

असं थोडक्यात शिकण्याची सोय काही देशांत कायद्यातच आहे. ऑस्ट्रेलियात प्लंबरला गिझरची वीज सोडवून तसाच नवा जोडण्यापुरता मर्यादित परवाना मिळू शकतो. ब्रिटनमध्ये गॅसचं काम करणाऱ्याच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला त्याला कुठली कामं करता येतात ते लिहिलेलं असतं. शेगडीचं लिहिलंय आणि बॉयलरचं नाही, तर बॉयलर उघडायचा नाही. तुमच्याकडे परवाना देणारं जे कार्यालय असेल तिथे स्वतः जा आणि पहिला प्रश्न हाच विचारा: मर्यादित परवाना आहे का, त्यात नेमकं काय बसतं, आणि कोणाच्या हाताखाली किती काम केल्याची नोंद लागते? क्लासवाल्याला हे विचारू नका. त्याला बाकं भरायची असतात.

आधी कुठलं? जो तो तुम्हाला सांगेल, गॅस आधी. पाईप तो पाईप, आटे ते आटे, तुमचा हात बसलेलाच आहे. मी उलटं सांगतो: वीज आधी.

एक कारण असं, की विजेच्या वर्गात तुम्ही घाबरून जाल. चांगलं आहे ते. नवशिक्याच्या हातून निम्मे अपघात भीतीच टाळते. गॅसला मात्र तुम्ही घाबरणार नाही, कारण हात म्हणेल, हे तर मी 17 वर्षं करतोय. पाइपात तुमचा हात धरणारा कोणी नसेल, पण गॅसमध्ये सुरुवातीला हात धरणाराच लागतो. दुसरं कारण अगदी व्यवहाराचं. आजच्या गॅस गिझरमध्ये ठिणगी, पंखा, सेन्सर, सर्किट बोर्ड असा सगळा विजेचा कारभार असतो. तो कळत नसेल तर निम्म्या तक्रारींत तुम्ही नुसते झाकण काढून बघत बसाल.

आणि तिसरं कारण म्हणजे, तुम्ही विजेचं काम आत्ताही करताय. तुम्हाला ते माहीत नाही एवढंच. मलाही नव्हतं.

धंद्यातलं माझं सहावं-सातवं वर्ष असेल. एका जुन्या घरात जमिनीतून आत येणारा लोखंडी पाईप गंजून चाळण झाला होता. मी दोन हात तुकडा कापून काढला, मध्ये प्लास्टिकचा पाईप घातला, गळती बंद. पैसे घेतले आणि निघालो. तीन दिवसांनी बोलावणं आलं. घरातल्या आजी म्हणाल्या, “नळाला मुंग्या येतायत.” मला वाटलं खऱ्याच मुंग्या. सिंकखाली वाकून शोधल्यासुद्धा! मग ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून मी तो पितळी नळ धरला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. नळाला टेस्टर लावला तर आतला दिवा मंद पेटलेला.

एक म्हातारा वायरमन आला. त्याने नळाकडे पाहिलंसुद्धा नाही. मीटरच्या बोर्डापासून निघालेली एक उघडी तांब्याची तार बोटाने धरून तो चालत राहिला आणि मी कापलेल्या पाइपापाशी येऊन थांबला. घराची अर्थिंगची तार तिथे, माझ्या प्लास्टिकच्या अलीकडे, पाइपाला क्लॅम्पने बांधलेली होती. जुन्या घरांत ही रीत सर्रास होती: जमिनीत पुरलेला लोखंडी पाईप हीच अर्थिंग. गिझरची कॉइल आधीपासूनच थोडी खराब होती. तिच्यातून बॉडीत उतरणारी वीज इतके दिवस निमूटपणे पाइपातून जमिनीत जात होती. मी मध्ये प्लास्टिक घालून तिची वाट तोडली. मग ती घरातल्या प्रत्येक नळावर येऊन बसली, कोणीतरी ओल्या पायाने येऊन तिला जमिनीपर्यंत पोचवील म्हणून. वायरमन रागावला नाही. एवढंच म्हणाला, “तू पाणी जोडलंस आणि अर्थिंग तोडलंस.” मग त्याने मेन बंद केला, नवी अर्थिंग घातली, कॉइल बदलली. त्याची मजुरी मी दिली.

म्हणून हे उद्यापासून सुरू करा, परीक्षेची वाट बघू नका: धातूचा पाईप कापण्याआधी कापाच्या दोन्ही बाजूंना क्लॅम्प लावून जाड तारेने तो तात्पुरता जोडून घ्या. आणि पाइपाला कुठेही तार बांधलेली दिसली, तर करवत खाली ठेवून वायरमनला बोलवा.

विजेच्या शिक्षणात वायरिंगच्या आधी एक गोष्ट हाडात भिनवून घ्या: वीज बंद आहे हे सिद्ध कसं करायचं. बंद केली म्हणजे ती बंद आहे असं नसतं. तुमच्या खिशातला स्क्रूड्रायव्हरसारखा टेस्टर इथे चालत नाही. तो तुमच्या अंगातून जाणाऱ्या किंचित विजेवर पेटतो. रबरी बूट असतील, लाकडावर उभे असाल, आतला निऑन मेला असेल, तर तार जिवंत असूनही तो पेटायचा नाही. दोन टोकांचा व्होल्टेज इंडिकेटर घ्या. तो आधी नक्की चालू असलेल्या पॉइंटवर तपासा, मग तुमच्या कामाच्या पॉइंटवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ असा तिन्ही जोड्यांत लावा, आणि पुन्हा एकदा चालू पॉइंटवर लावून बघा. हा शेवटचा टप्पा सगळे गाळतात. मधल्या मिनिटात इंडिकेटरच मेला असेल, तर ‘वीज नाही’ हे उत्तर तुम्हाला मेलेल्या माणसाने दिलेलं असतं. एमसीबीला, म्हणजे बोर्डातल्या फ्यूजच्या जागी असतो त्या स्विचला, कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. ‘पोरगा खाली बोर्डापाशी उभा आहे’ याला कुलूप म्हणत नाहीत. पोराला फोन येतो.

किती वीज म्हणजे जास्त? माणसाला वाचवायला घरात जो आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, लावतात तो 30 मिलिअँपिअरच्या गळतीवर बंद पडेल असा असतो. 9 वॅटचा साधा एलईडी दिवा 230 व्होल्टवर जवळपास 39 मिलिअँपिअर घेतो. म्हणजे ज्या दिव्याखाली आपण पेपर वाचतो, तो पेटता ठेवायला लागते त्याहूनही कमी वीज छातीतून गेली तर जिवावर बेतू शकतं. मी शिकत असताना हा हिशोब कळला त्या रात्री मला नीट झोप आली नाही, हे खरं.

हिशोबावरून आठवलं, तुमची गणिताची भीती. भाऊ, उतार काढता, टाकीच्या उंचीवरून दाब सांगता, कुठे अर्धा इंची पाईप पुरेल आणि कुठे नाही हे बघताक्षणी सांगता. ते गणित नाही तर काय आहे? व्होल्ट म्हणजे दाब, अँपिअर म्हणजे वाहणारं पाणी, ओहम म्हणजे पाइपाची चिंचोळी वाट. 3 किलोवॅटचा गिझर 230 व्होल्टवर किती अँपिअर घेतो? 3000 भागिले 230, म्हणजे 13. झालं. आता त्याच गिझरच्या सॉकेटमागे एक स्क्रू नीट आवळलेला नाही आणि तिथे अर्धा ओहम अडथळा तयार झालाय असं धरा. 13 गुणिले 13 गुणिले अर्धा, म्हणजे जवळपास 85 वॅट. सोल्डरिंगचा साधा आयर्न 25 ते 60 वॅटचा असतो. त्याहून गरम काहीतरी भिंतीतल्या प्लास्टिकच्या डबीत, अंघोळ चालली असेपर्यंत. सॉकेट काळं का पडतं ते या एका ओळीत कळतं. अशी एकेक ओळ स्वतःच्या कामावर लावून शिका, पुस्तकातल्या उदाहरणांवर नको.

फक्त पाण्याची ही उपमा एका जागी दगा देते, तेवढी जागा लक्षात ठेवा. पाईप कापला की पाणी बाहेर सांडतं. तार कापली की वीज थांबते, सांडत नाही. तिला परत जायला वाट लागते, आणि ती वाट तुम्ही स्वतः होऊ शकता.

आता गॅस. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तुम्ही ‘जमेलच ना’ असं विचारलंय.

घरातल्या शेगडीपर्यंत येणारा गॅस साधारण 20 ते 30 मिलिबार दाबाचा असतो. 20 मिलिबार म्हणजे काचेच्या नळीत 20 सेंटिमीटर पाणी उचलेल एवढा जोर, एक वीतभर. तुमच्या नळात 2 बार दाब असेल तर तो याच्या शंभरपट. त्यामुळे प्लंबरचा हात म्हणतो, एवढ्याशा दाबाला काय घाबरायचं? पण पाण्याचा जोड गळला की भिंतीला ओल येते, खालचे शेजारी ओरडत वर येतात, फरशी सांगते, बादली सांगते. गॅसचा जोड काही सांगत नाही. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दुप्पट जड. तो खाली बसतो, मोरीत उतरतो, तुम्हीच बांधलेल्या चेंबरमध्ये साठतो. नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो, फॉल्स सीलिंगच्या पोटात भरतो. एलपीजी हवेत साधारण 2 टक्के झाला की पेटू शकतो, नैसर्गिक गॅस 5 टक्क्यांना. एकाच खोलीत कुठला गॅस आहे त्याप्रमाणे नाक कुठे न्यायचं ते बदलतं.

नाक म्हटलं, पण वाससुद्धा गॅसचा स्वतःचा नाही, तो मुद्दाम मिसळलेला असतो. 1937 साली अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेने खर्च वाचवायला तेलक्षेत्रातल्या वाया जाणाऱ्या गॅसच्या लाईनीतून जोड घेतला होता. त्या गॅसला वास नव्हता. तो इमारतीखाली साठत गेला, कोणाला पत्ता नाही. कार्यशाळेत विजेवर चालणारं लाकूड घासायचं यंत्र सुरू झालं, ठिणगी पडली आणि जवळपास 300 जीव गेले, बहुतेक मुलं. गॅसला उग्र वास मिसळण्याची सक्ती त्यानंतर आली. वीज आणि गॅस हे दोन वेगळे धंदे आहेत असं तुम्हाला वाटत असेल, म्हणून सांगितलं.

आणि एक नटाची गोष्ट. ही खास तुमच्यासाठी. 1968 च्या मे महिन्यात लंडनमधल्या रोनन पॉइंट नावाच्या 22 मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर एका बाईंनी पहाटे शेगडी पेटवायला काडी ओढली. रात्रभर साठलेला गॅस भडकला, भिंती बाहेर फेकल्या गेल्या, आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत पत्त्यांसारखा कोसळला. चार माणसं गेली. काडी ओढणाऱ्या बाई वाचल्या. गॅस सुटला होता शेगडीच्या जोडावरच्या पितळी नटातून. नट दर्जाला कमी होता, त्याची कड पातळ होती. तो तुटायला केवढा जोर लागेल याचा हिशोब केला तेव्हा असं दिसलं, की बसवतानाच तो जास्त आवळला जाऊन तडकला असणार.

आता खरं सांगा. थेंब दिसला की आपण काय करतो? अर्धा फेरा अजून. नाही थांबला, अजून अर्धा. पाण्यात हे बहुतेक वेळा खपून जातं. गॅसमध्ये हीच सवय सोडायची आहे, आणि सवय सोडणं हे नवीन शिकण्यापेक्षा अवघड आहे. जोड गळतोय तर उघडा, बघा, बैठक साफ करा, वॉशर बदला, आटे तपासा, पुन्हा बांधा. पाण्याच्या कामातली पातळ टेफ्लॉन टेप गॅसला वापरू नका, गॅसची जाड टेप वेगळी मिळते. आणि जिथे जोड धातूवर धातू बसून बंद होतो, तिथे आट्यांना काहीही गुंडाळायचं नाही. गुंडाळलं की बैठक नीट बसत नाही आणि गळती टेपमागे लपते.

हे झालं गॅस बाहेर पडण्याचं. पण बाथरूममधला गिझर माणसं मारतो ती बहुतेकदा गळतीने नाही, हवेने. तुमचाच पुढच्या आठवड्याचा गिझर घ्या. तो 10 ते 12 किलोवॅटचा आणि नैसर्गिक गॅसचा असेल तर तासाला साधारण 1 घनमीटर गॅस जाळेल. 1 घनमीटर गॅस नीट जळायला जवळपास 10 घनमीटर हवा लागते. बाथरूम दीड मीटर बाय दोन, उंची अडीच: साडेसात घनमीटर. दार बंद, थंडी म्हणून खिडकीही बंद. म्हणजे अख्ख्या खोलीतली हवा पाऊण तासात खाऊन टाकेल असं यंत्र तुम्ही आत टांगताय. एलपीजीचा असला तरी तेवढ्याच आचेला हवा जवळजवळ तेवढीच लागते. पाऊण तास थांबावंही लागत नाही. हवा जरा कमी पडली की जळण अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, पाय गळून जातात, आणि आतल्या माणसाला वाटतं, दमलोय. निळी ज्योत पिवळी पडलेली, गिझरच्या झाकणावर काजळी धरलेली कुठेही दिसली तर तिथला गॅस बंद करायला लावा. तुम्ही नुसता नळाचा वॉशर बदलायला गेला असाल तरी. हे सांगायला परवाना लागत नाही.

म्हणजे गॅसच्या परीक्षेत पाईप हा सगळ्यात सोपा भाग. जोडून झाल्यावर हवा भरून मॅनोमीटर लावून दाब टिकतो का बघणं, धूर खरंच वर जातोय का तपासणं, हवेच्या जाळ्या मोजणं, हे खरं काम. तुमच्या 17 वर्षांपैकी गॅसला उपयोगी पडतील ती फार तर पाईप वाकवण्याची आणि कापण्याची.

आता तुमच्या त्या कॉन्ट्रॅक्टर मित्राकडे येतो. ‘काम तू कर, सही माझी.’ मी हे दोन वेळा जवळून पाहिलंय आणि दोन्ही वेळा काही झालं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. म्हणूनच ते चालतं. पण सहीचा अर्थ काय? हे मी तपासलं, असं तो लिहून देतो. त्याने तपासलेलं नाही, तुम्हाला तपासता येत नाही. त्या घरात तपासणारा कोणी गेलाच नाही, फक्त कागद गेला. काही घडलं तर त्याचा परवाना जाईल, पण तुमच्याकडे जायलासुद्धा परवाना नाही. तुम्ही विनापरवाना काम करणारे ठरता, विमा कंपनी हात वर करते, आणि तो सहीवाला पहिलं वाक्य काय बोलेल हे तुम्ही मला सांगा.

तरी त्याला तोडू नका. त्याची ऑफर उलटी फिरवा. त्याला म्हणा, मला तुझ्या हाताखाली शिकाऊ म्हणून रीतसर नोंदव. आठवड्यातले दोन दिवस मी तुझ्या कामावर येतो, तू समोर उभा राहा, मी करतो, तू तपास, आणि माझ्या नोंदवहीत सही कर. सही तीच, माणूस तोच. यावर तो हो म्हणाला तर तुम्हाला गुरू मिळाला. कुरकुरला तर त्याला काय विकायचं होतं ते कळलं.

पैशांचं थोडक्यात. फी सगळे मोजतात. मोजत नाहीत ते असं: इन्शुलेशन टेस्टर, आरसीसीबी टेस्टर, मॅनोमीटर, धुराचा अ‍ॅनालायझर ही उपकरणं, ती ठरल्या मुदतीत कॅलिब्रेट करून, म्हणजे बरोबर मोजतात ना हे तपासून, आणण्याचा खर्च, विम्यात नवी कामं घालून घेणं, आणि काही ठिकाणी दर काही वर्षांनी पुन्हा परीक्षा, ब्रिटनमध्ये गॅससाठी ती 5 वर्षांनी असते. शिवाय शिकण्याच्या वर्षात कमाई खाली येणार, ते घरच्यांशी आधी बोला. त्यांना ‘दोन्ही एकदम करतोय’ सांगण्यापेक्षा ‘या वर्षी वीज, पुढच्या वर्षी जमलं तर गॅस’ असं सांगितलंत तर ‘एक काम धड करा’ला उत्तरही मिळेल. आणि दर ठरवताना तपासणीचा वेळ धरा. पाईप जोडायला अर्धा तास आणि तपासायला पाऊण तास, हे गिऱ्हाइकाला पटवणं जड जातं. मी बिलावर ती ओळ वेगळी लिहायचो.

तोवर गिऱ्हाईक जातंय त्याचं काय? एक वायरमन आणि एक गॅसवाला असे दोघे शोधा, ज्यांचं काम तुम्ही स्वतः पाहिलंय. आणि त्यांच्याशी एकच ठरवा: मी बोलावलं की त्याच दिवशी यायचं. गिऱ्हाइकाला एकच माणूस हवा असतो असं नाही. एकच फोन करायचा असतो, आणि तीन वेळा सुट्टी घ्यायची नसते. तुम्ही ‘नाही’ म्हणून थांबता तिथे दुसरा घुसतो. ‘माझा माणूस दुपारी येईल’ म्हणालात तर घुसायला जागा राहत नाही.

आता तो गिझर. गिऱ्हाइकाला आजच फोन करा, आठवडा उलटू देऊ नका. सांगा: पाण्याची बाजू मी करतो, थंड आणि गरम दोन्ही लाईनी, व्हॉल्व्हपर्यंत. गॅस आणि धुराची नळी परवाना असलेला माणूस करेल, त्याला मी आणतो. आणि जागा तो ठरवेल. बहुतेक तो बाथरूमच्या आत नाहीच म्हणेल. गिऱ्हाईक म्हणेल, अहो, शेजाऱ्यांचा आतच आहे. त्याला वर लिहिलेला साडेसात घनमीटरचा हिशोब कागदावर करून दाखवा, जुनं गिऱ्हाईक आहे, ऐकेल.

गॅसवाला आला की काम संपवून निघून जाऊ नका. बाजूला उभे राहा आणि तो किती वेळ जोडतो नि किती वेळ तपासतो ते घड्याळात बघा. पोरालाही थांबवा.

आणि त्या घरात जुना पाईप लोखंडी असेल तर, कापण्याआधी क्लॅम्प.